भाषक क्रमांक चौदा

अँब्रोज टिबोने सदुसष्टाव्या वर्षी भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा सेंट जॉन्समधल्या त्याच्या गल्लीने एकच निदान केलं: बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. निदान अगदीच चुकीचं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की बायकोचा आवाज विद्यापीठात अडकला होता आणि तो ऐकायचा तर एम.ए. करण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता.

बाकीचे रस्ते त्याने आधी पालथे घातले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी टोरोंटोची एक मुलगी इथल्या विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. त्याची बायको लोरेटा ज्या लहानशा बेटावर जन्मली, तिथलं गाव सरकारने कधीच उठवून सेंट जॉन्सच्या मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावर आणलं होतं. गावाची घरं होड्यांना बांधून ओढत आणली, पण गावाची बोली ओढून आणायला सगळे विसरले, आणि ती थोड्या बायकांच्या तोंडी उरली. त्यांतली एक लोरेटा. त्या मुलीने टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवलं, दोन तास चाळीस मिनिटं लोरेटाला बोलतं केलं, काकवीच्या पावाचे चार तुकडे खाल्ले आणि गेली. तिला पीएच.डी. मिळाली. आता ती कुठल्याशा कंपनीत यंत्रांना बोलायला शिकवते, असं ऐकिवात होतं.

लोरेटाला कॅमेऱ्याचा तिटकारा होता. घरच्या फोनवर तिच्या आवाजातला निरोप होता, तो फोन कंपनीने करार बदलताना पुसून टाकला आणि वर अँब्रोजला तीन महिने मोफत गाणी दिली. तेव्हा त्याला ते यंत्र आठवलं.

त्याने विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागाला पत्र लिहिलं. उत्तर तत्परतेने आलं. ध्वनिमुद्रणातली माणसं निनावी असतात, त्यांना फक्त क्रमांक असतो, त्यामुळे श्रीमती टिबो त्यात आहेत किंवा नाहीत हे विभाग सांगू शकत नाही. मात्र त्या स्वतः लेखी अर्ज करतील तर अर्जाचा जरूर विचार केला जाईल.

लोरेटा तोवर वर्षभर टेकडीवरच्या दफनभूमीत होती. अँब्रोजने दुसरं पत्र लिहून ते कळवलं. विभागाने मनापासून दुःख व्यक्त केलं आणि अर्जाचा कोरा फॉर्म पुन्हा पाठवला.

तिसऱ्या पत्राच्या उत्तरात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. मुद्रणं ऐकण्याची मुभा विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, तीही मंजूर प्रकल्पासाठी. ती ओळ अँब्रोजने तीनदा वाचली. लोरेटाच्या हट्टापायी चाळिशीत पोस्टाने केलेली इतिहासाची बी.ए. त्याच्याकडे होती. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत ती कधीच कुणाच्या उपयोगी पडली नव्हती. त्याने ती कपाटातून काढून झटकली.

पहिल्या दिवशी प्रोफेसर मार्गिट हाल्वरसन त्याला म्हणाल्या, "मॅडम म्हणू नका. इथे आम्ही सगळे एकमेकांना नावाने हाक मारतो. मार्गिट म्हणा."

"बरं, मॅडम."

मार्गिट सस्कॅचेवानच्या गव्हाच्या सपाटीतून आलेल्या. बावीस वर्षं सेंट जॉन्सच्या बेटावर राहून त्यांना कुठल्या खाडीतला माणूस कुठला स्वर किती लांबवतो ते दशांशात पाठ होतं. मात्र मच्छीबाजारात कोळी काय म्हणाला ते कळत नसल्याने त्या मासे सुपरमार्केटातून घेत.

वर्गात बाराजण होते. मार्गिट फळ्यावर वाक्य लिहीत आणि त्याच्याखाली त्याची रचना दाखवायला मुळं वर, फांद्या खाली असं उलटं झाड काढत. वाक्य नेहमी जॉन आणि मेरीचं. जॉनला वाटतं की मेरीने पुस्तक वाचलं. जॉनने कुणाला पाहिलं असं मेरीला वाटतं? महिनाभर हे चाललं, तेव्हा अँब्रोजने हात वर केला.

"या जॉनला काही कामधंदा आहे का? आणि त्याला एवढं काय काय वाटतं, ते मेरीला कुणी सांगितलंय का?"

पोरं हसली. मार्गिटही हसल्या. "चांगला प्रश्न आहे. पण तो अर्थाचा प्रश्न झाला. अर्थाकडे आपण नंतर येऊ."

सत्र संपलं. अर्थाकडे कुणी आलं नाही. दुसऱ्या सत्रात तो पुन्हा वेळापत्रकावर होता, पण त्या आठवड्यात बर्फाने विद्यापीठ बंद राहिलं.

प्रकल्पाच्या मंजुरीचा फॉर्म सव्वीस पानी होता. एकोणिसाव्या पानावर प्रश्न होता: मुद्रणातल्या कोणत्याही भाषकाशी तुमचं वैयक्तिक नातं आहे का? अँब्रोजने पेन्सिल चावत अर्धा तास विचार केला आणि लिहिलं: 'भाषक निनावी असल्यामुळे मला ते कळणं शक्य नाही.' समितीने फॉर्म महिन्यात मंजूर केला. निनावीपणाच्या तत्त्वाची अशी स्वच्छ समज विद्यार्थ्यांत क्वचित आढळते, असा शेराही मारला.

ऐकण्याची खोली तळघरात होती. खिडकी नाही. फोन बाहेर ठेवायचा, वही बाहेर ठेवायची, लिहायचं ते आतल्या संगणकावर, आणि तो बाहेरच्या जगाशी जोडलेला नाही. मंगळवारी दहा ते बारा. अँब्रोजने हेडफोन चढवले आणि पहिल्या भाषकापासून सुरुवात केली. घाई दिसली असती तर संशय आला असता. शिवाय एवढ्या दिवसांनी भेटायचं म्हणजे त्याला जरा भीतीही वाटत होती. भाषक एक ते तेरा व्हायला सात आठवडे लागले. चौदावर आल्यावर त्याने शर्टाची कॉलर नीट केली.

"हे सुरू आहे का बाळा? लाल दिवा लागलाय बघ. तू आधी पाव खा, नाहीतर कडक होईल."

अँब्रोजने यंत्र थांबवलं. हेडफोन काढले, रुमालाने पुसले, परत घातले. त्या मंगळवारी तो पावापुढे गेलाच नाही.

पुढच्या मंगळवारी नवीन अडचण कळली. भाषकाची ओळख पटू नये म्हणून विभागाने सगळ्या माणसांची नावं मुद्रणातून पुसून तिथे एक पीं असा आवाज बसवला होता. लोरेटा सांगत होती: "मग मी पींला म्हटलं, बूट बाहेर काढ. पण पीं कधी ऐकलाय का?" तिच्याकडून वाचून घेतलेल्या शब्दांच्या यादीत नाव नव्हतं, मासे खारवण्याच्या कृतीत नव्हतं. पण बाकी सगळीकडे होतं. त्याने मोजले. एकेचाळीस पीं. पस्तीस वर्षं बाईने घरात आपलं नाव घेतलं ते बहुतेक ओरडायला, आणि आता ते ऐकायला तळघरात येऊन बसलो, तर तिथे ट्रक मागे घेतानाचा आवाज.

या मुद्रणांचा आजवर काय अभ्यास झाला होता, तेही त्याने वाचून काढलं. भाषक क्रमांक चौदावर सहा शोधनिबंध होते. तिच्या 'आ'ची लांबी मोजली होती, 'र'ची थरथर मोजली होती, ती श्वास कुठे घेते त्याचा आलेख होता. ती काय म्हणाली, ते एकानेही लिहिलं नव्हतं. लोरेटा हयातीत तक्रार करायची की आपण बोलतो ते नवऱ्याच्या कानात शिरत नाही. आता सहा विद्वान तिच्या नवऱ्याच्या पंगतीला येऊन बसले होते.

मुलाखतीत शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो. आता आपण मरतो असं तुम्हाला कधी वाटलं का? हा प्रश्न कळवळ्याने विचारत नाहीत. मरणाचं सांगताना माणूस यंत्र विसरतो, आणि त्याचे स्वर शुद्ध गावठी निघतात. मार्गिटनी तो वर्गात शिकवला होता. "सर्वांत चांगले 'आ' मरणाच्या प्रसंगात मिळतात," त्या म्हणाल्या होत्या, आणि बाराजणांनी ते लिहून घेतलं होतं.

टोरोंटोच्या मुलीने लोरेटाला तो विचारला. "झालंय की एकदा," लोरेटा म्हणाली. "लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. मी आणि पीं होडीतून माझ्या आईकडे निघालो, आणि धुक्यात इंजिन बंद पडलं."

अँब्रोज खुर्चीत सरसावून बसला. ही गोष्ट त्याचीच होती. एका सिलिंडरचं इंजिन, हात पुढे केला तर दिसणार नाही असं धुकं, खडक जवळ, आणि चार तासांत त्याने ते इंजिन उघडून, लोरेटाच्या केसांतल्या पिनेने साफ करून पुन्हा सुरू केलं. फेरीवरच्या नोकरीच्या मुलाखतीत त्याने हीच गोष्ट सांगितली होती आणि नोकरी मिळाली होती. पुढे एकतीस वर्षं दर ख्रिसमसला सांगितली होती.

पण नेमक्या इथेच लोरेटाचा आवाज खाली गेला. कुजबुज सुरू झाली, मधूनमधून दाबलेलं हसू, आणि मागे पडवीत कुणीतरी काहीतरी ठोकत होतं, खोकत होतं. विभागाच्या लेखी प्रतीत तिथे एवढंच होतं: 'अस्पष्ट. चार मिनिटं अकरा सेकंद.' तीन वेगवेगळ्या सहायकांनी ऐकून तसाच शिक्का मारला होता.

ठोकणारा तो स्वतःच होता. त्या दिवशी तो पडवीचं दार बसवत होता. लोरेटा कुजबुजली, ती त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि पस्तीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला ती कुजबुज पहिल्या फटक्यात समजली.

"त्याने निघताना विचारलं होतं, टाकी भरलीस ना? मी हो म्हटलं. भरलीच नव्हती गं. नवीन लग्न, मी आरशापुढे होते. तो बिचारा चार तास खिळा न् खिळा सोडवत बसला. घाम काय, शिव्या काय. मी त्याला पिना देत होते. मग तो हात धुवायला वाकला, तेव्हा बाकाखालचा पेट्रोलचा डबा काढून हळूच ओतला टाकीत. पहिल्या झटक्याला सुरू! तेव्हापासून पीं जो फुगलाय... त्याला सांगू नकोस हं बाळा. त्यावर त्याची नोकरी आहे."

अँब्रोजने तेवढा भाग पुन्हा लावला. मग तो इतका हसला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी सगळं ठीक आहे ना ते बघायला आलं.

प्रबंधाचा विषय ठरला: अस्पष्ट भागाचं लेखन. साध्या अक्षरांत लिहून चालत नाही. प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह, श्वासाला चिन्ह, हसण्याला चिन्ह. एका सेकंदाला पाच मिनिटं लागत, आणि खोली मिळायची ती आठवड्यातून दोनच तास. चार मिनिटं अकरा सेकंदांना अख्खा हिवाळा गेला. आपल्याला कसं फसवलं, हे चिन्हाचिन्हाने कोरून लिहायला लागलेला नवरा त्याच्या माहितीत दुसरा नव्हता.

पण एकाने ऐकलेलं विज्ञानात धरत नाहीत. दुसऱ्याने वेगळ्या खोलीत बसून तेच लिहायचं, आणि शंभरातले ऐंशी ध्वनी जुळले तरच ते खरं. दुसरी म्हणून टेस बुशे मिळाली. चोवीस वर्षांची, ओंटारिओची, हुशार आणि कायम उपाशी. पहिल्यांदा एकतीस जुळले.

"अँब्रोज, तुम्ही हे मनाने रचताय," टेस कँटीनमध्ये म्हणाली. "मला तिथे बाई ऐकूच येत नाही. एक माणूस ठोकतोय, आणि खोकतोय."

"बाईकडे लक्ष दे पोरी. माणसाला ठोकू दे. त्याला तेवढंच येतं."

त्याने तिला ध्वनींबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, कारण नियम होता. फक्त रोज दुपारी टिनातल्या दुधाचा चहा आणि पावावर तळलेलं बोलोना सॉसेज खाऊ घातलं, आणि घरात पस्तीस वर्षं ऐकलेल्या बोलीत वाटेल ते बोलत बसला. हवा, मासे, नगरपालिका. मार्चमध्ये टेसचे ध्वनी चौऱ्याऐंशी जुळले. त्या दुपारी ती चहाच्या कपात चमचा फिरवत होती. तेवढ्यात अँब्रोजला खोकल्याची उबळ आली.

टेसने मान वर केली. "एकशे सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तो माणूस अगदी असाच खोकतो."

"पुष्कळांना खोकला असतो."

"टाकी रिकामी होती," टेस हळूच म्हणाली.

"दिसतंय खरं."

"तुम्हाला... म्हणजे त्या माणसाला कधी कळलं?"

"जानेवारीत," अँब्रोज म्हणाला. "खा. गार होतंय."

प्रबंध झाला. अँब्रोजने आयुष्यात कुठलंही काम मुदतीनंतर दिलं नव्हतं. बोट सुटायच्या आत इंजिन सुरू, हाच त्याचा धर्म. दोन वर्षांचा अभ्यासक्रम वीस महिन्यांत आटोपलेला बघून मार्गिट चक्रावल्या.

"असं इथे होत नाही," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा घेऊ. ही एवढी सही करा, प्रकल्प पूर्ण झाल्याची."

इंजिनखोलीतला माणूस सही करण्याआधी वाचतो. सातव्या पानावर लिहिलं होतं: सदर मुद्रणांवर आता दुसरा कोणताही प्रकल्प चालू नसल्याने, हा प्रकल्प पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत ती कायमची नष्ट करण्यात येतील.

"हे काय आहे?"

"ते होय? मूळ संमतीपत्रातलं कलम. मुद्रणं वापरात आहेत तोवरच ठेवायची, असं भाषकांना वचन दिलंय. आता स्वरांवर कुणी काम करत नाही, लाट गेली ती. तुमचाच शेवटचा प्रकल्प." मार्गिट समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगदी व्यवस्थित होतं सगळं. नष्ट केल्याचं प्रमाणपत्रही मिळतं."

"कलम बदलता येतं?"

"भाषकाने स्वतः लेखी अर्ज केला तर."

अँब्रोजने टोपी हातात घेतली, फिरवली, पुन्हा डोक्यावर घातली. "मी सही उद्या करतो," तो म्हणाला.

बाहेर टेसने त्याला जिन्यात गाठलं. तिच्या मुठीत एक पेन ड्राइव्ह होता. "त्या संगणकाला मागे एक भोक आहे. मंगळवारी मी दारात उभी राहते."

"आणि कळलं तर?"

"काढतील मला."

"मग ठेव ते खिशात. लोरेटाने त्या पोरीला सांगितलं ते आपल्यातच राहावं म्हणून. मी आधीच चिन्हांसकट चव्हाट्यावर मांडलंय. आता चोरीही करू? आणि तुझं शिक्षण जाईल ते वेगळंच." टेसने पेन ड्राइव्ह खिशात टाकला. एवढ्या वर्षांत त्या इमारतीत लोरेटाचं नाव पहिल्यांदाच कुणी मोठ्याने घेतलं होतं, आणि पीं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मार्गिटच्या खोलीत गेला तेव्हा सातव्या पानावरची सहीची जागा तशीच कोरी होती.

"मॅडम, एम.ए. जास्तीत जास्त किती लांबतं?"

मार्गिटनी चष्मा काढला आणि उठून दार लावून घेतलं. "टिबो आडनावाचा माणूस तीन पत्रं पाठवतो आणि चौथ्या वेळी विद्यार्थी म्हणून येतो, तेव्हा मला काहीच वाटलं नसेल असं समजू नका. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर लिहून द्यावं लागलं असतं."

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"म्हणूही नका." त्यांनी त्याचा प्रबंध पुढे ओढला. "सहा वर्षं. मग मुदतवाढ. मग डीनकडून विशेष मुदतवाढ. मग पीएच.डी.ला नाव घालायचं आणि पहिल्यापासून मोजायचं. माझ्या एका विद्यार्थ्याला सोळा वर्षं झाली. माझं स्वतःचं पुस्तक चौदा वर्षं चाललंय, त्याबद्दल मला दोनदा बढती मिळालीय."

"मला पुरेल तेवढं."

"पण प्रबंधात उणीव पाहिजे." त्या पानं उलटत होत्या आणि कपाळाला आठ्या पडत होत्या. "पंचाईत आहे. हा चांगला आहे."

"तिसरं प्रकरण मला कच्चं वाटतं," अँब्रोज म्हणाला.

"किती कच्चं?"

"इंजिनच्या भाषेत सांगायचं तर सगळं उघडावं लागेल. खिळा न् खिळा."

मार्गिटनी लाल पेन उचललं आणि तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. बावीस वर्षांत चांगल्या मजकुरावर त्यांनी जाणूनबुजून मारलेली ती पहिलीच रेघ होती. नकळत मारलेल्या पुष्कळ असतील. शेजारी त्यांनी शेरा लिहिला: 'अर्थाचा विचार झालेला नाही. पुन्हा ऐकावं.'

त्या ख्रिसमसला विभागाच्या पार्टीत अँब्रोजला गोष्ट सांगायचा आग्रह झाला. त्याने इंजिनची सांगितली, नेहमीचीच. धुकं, खडक, चार तास, केसांतली पिन. पहिल्या झटक्याला सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्गिटनी सर्वांत आधी. टेसने तोंडात केक कोंबला होता, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही.

आता दर मंगळवारी दहा ते बारा तो तळघरात असतो. हेडफोन चढवतो, पावापासून सुरू करतो आणि पीं मोजत जातो. विभागातले लोक म्हणतात की म्हातारा आता खरा विद्वान झाला, पहिल्या वर्षी तो जरा वेगळा वाटायचा.

दर मे महिन्यात प्रगतीचा फॉर्म येतो. प्रबंधाचा किती भाग पूर्ण झाला, असं त्यात विचारलेलं असतं. लाल रेघ पडली त्या वर्षी अँब्रोजने शंभरातले पंचाण्णव लिहिले होते. मग सत्तर. यंदा त्याने पंचावन्न लिहिले आणि फॉर्म समितीकडे पाठवला. पंधरा दिवसांनी तो शिक्क्यासह परत आला.

प्रगती समाधानकारक.